कट्यारीचं वय

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. गोदाम फोडणाऱ्या टोळ्या, ट्रकमधून पळवलेला माल, हाणामाऱ्या हे सगळं हळूहळू पुसट होत चाललंय. भिवंडीतल्या त्या साडेआठ इंची पात्याचा शुक्रवार आणि शनिवार मात्र मला घड्याळासकट आठवतो. त्या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली नाही, मला बक्षीस मिळालं नाही, आणि गुन्हा तर शेवटपर्यंत दाखलच झाला नाही. तरी कुणी 'साहेब, तुमची एखादी केस सांगा' म्हटलं की मी हीच सांगतो. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यातली बहुतेक मंडळी हयात आहेत आणि निदान दोघं तरी मला अजून हसतात.

मी तेव्हा भिवंडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीत एका अंगाला काल्हेर-मानकोलीची गोदामं आणि दुसऱ्या अंगाला डोंगराकडचे पाडे. मी मूळचा घाटावरचा, पण ठाणे जिल्ह्यात एकवीस वर्षं काढलेली, त्यामुळे इथलं मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता.

शुक्रवारी दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. मानकोली नाक्यावर पानटपरी चालवणारा माझा एक खबऱ्या होता. वर्षाला तीन खबरा द्यायचा, त्यातल्या दोन स्वतःच्या मेव्हण्याविरुद्ध असायच्या. ही तिसरी होती. "साब, एक आदमी खंजीर लेके घूम रहा है. राजा-महाराजावाला पुराना माल. गोदाम के पीछे सौदा चालू है."

आम्ही चौघं जीप घेऊन पोहोचलो. गोदामाच्या मागे लाकडी खोकी ठोकणाऱ्या एका सुतारापुढे पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसला होता. काटक, काळा, अंगात गोदामाचा गणवेश, मांडीवर लाल फडकं. फडक्यात कट्यार होती. आम्हाला पाहून तो पळाला नाही, तर नीट उठून उभा राहिला आणि त्याने फडक्याची घडी पुन्हा घातली. सुतार म्हणाला, मूठ हलत होती म्हणून हा चिकटवून मागत होता, बाकी मला काही ठाऊक नाही. चोरीच्या मालाशी संबंध आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून मी ते कानाआड केलं.

वस्तू मात्र खरोखर देखणी होती. पातं किंचित बाकदार, टोकाशी काळे काळे खड्डे पडलेले. मूठ काळपट तपकिरी, तेल पिऊन गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर मोर कोरलेला. मोराचा पिसारा मुठीला वळसा घालून गेला होता. मोराच्या डोळ्याच्या जागी पांढरंशुभ्र कडं होतं आणि त्यात आरपार बारीक भोक. मुठीच्या बुडाला पोलादाची टोकदार टोपी. एका बाजूला लांबट खाच, ती लाखेने बुजवलेली. असली कारागिरी मी फक्त काचेच्या कपाटात पाहिली होती.

पंचनाम्याला आमचे नेहमीचे दोन पंच आले. चहावाल्याकडे बसलेले असत, हाक मारली की येत, न बघता सही करत आणि पुन्हा जाऊन बसत. पंचनाम्यात वस्तूला काय म्हणायचं यावरून पहिली अडचण आली. खबऱ्या खंजीर म्हणाला होता, पकडलेला माणूस कट्यार म्हणत होता, आणि माझ्या हवालदाराने तोवर 'सुरा' लिहून टाकलं होतं. माझा हवालदार हुशार, पण लिहायला बसला की स्वतःला थांबवू शकत नसे. शेवटी 'धारदार हत्यार, मूठ हस्तिदंती अथवा शिंगाची' असं ठरलं. शस्त्र कायदा लागायला पातं नऊ इंचांच्या वर हवं. शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली. साडेआठ भरलं. हवालदाराने मुठीतल्या भागापासून पुन्हा मोजून पाहिलं, मग तिरकं मोजून पाहिलं. मी टेप परत पाठवली.

म्हणजे आता सगळी भिस्त वस्तूच्या वयावर आली. शंभर वर्षांच्या वरची असेल तर पुरावस्तू. तशी वस्तू चोरून विकताना माणूस सापडला म्हणजे मोठं प्रकरण. माझ्या निवृत्तीला तेव्हा सात महिने उरले होते, आणि जाता जाता एक मोठं प्रकरण हाती लागावं असं मला वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

चौकशीला बसलो. कुठून आणली? घरून. घरी कुठून आली? बापाकडून. कशाला आणली? तर म्हणाला, लग्नाला. कुणाच्या लग्नाला?

"माझ्या," तो म्हणाला. "न माझ्या पोराच्या. रविवारी हाय."

हवालदाराने लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मी विचारलं, बायको नाही का तुला? म्हणाला, हाय. मग लग्न कुणाशी करतोस? म्हणाला, तिच्याशीच. मुलगा किती वर्षांचा? सव्वीस. कट्यार किती जुनी? यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "माझ्यापरीस ल्हान हाय." हवालदाराने जबाबात लिहिलं, 'सदर इसम उडवाउडवीची उत्तरे देतो.' हे वाक्य त्याने नोकरीभर इतक्या वेळा लिहिलं होतं की पेनच ते आपोआप लिहीत असे.

मी त्याला सांगितलं, तू आत्ता घरी जा, वस्तू इथे राहील, उद्या पुन्हा ये. तो जायला तयार होईना. म्हणाला, पेटीतून काढली की लगीन लागंपर्यंत ती एकटी ठेवायची न्हाय, ती हितं तर मी हितं. आणि वऱ्हांड्यातल्या बाकावर बसला. मी तीस वर्षांत ठाण्यातून पळून गेलेले बरेच पाहिले, पण जा म्हटलं तरी न जाणारा हा पहिलाच. हवालदाराचं मत पडलं की माल फार मोलाचा असल्याशिवाय माणूस असा चिकटून बसत नाही. मलाही ते पटलं.

संध्याकाळी त्याची बायको आली. हातात भाकरीचं फडकं, पायात खारबावकडच्या वाटेची धूळ. तिला वेगळं बसवून विचारलं. हा कोण? माझा नवरा. रविवारी काय आहे? आमचं लगीन. किती वर्षं झाली एकत्र राहताय? अठ्ठावीस. मग आता लग्न कसलं? म्हणाली, राहून गेलं. एक वरीस घर पडलं, एक वरीस सासरा गेला, मंग पोरं झाली. आता पोराचं हाय, तर आईबापाचं आधी लागाया पायजे, म्हणून दोन्ही एकाच मांडवात.

आम्हा पोलिसांचा एक अनुभव असतो. दोघांना वेगवेगळं विचारलं आणि उत्तरं थोडी जुळली, तर ती खरी असतात. अगदी शब्दाला शब्द जुळली, तर घरून पाठ करून आलेली असतात. नवराबायकोची उत्तरं तंतोतंत जुळत होती. मी हवालदाराला म्हटलं, यांना कुणीतरी पढवलंय.

तिने मला एकच गोष्ट विचारली. रविवारपर्यंत कट्यार मिळेल का? उद्या हळद आहे, आणि हळद लागली की नवऱ्याच्या हातात ती पाहिजे. पाड्यावर सगळ्यांची लग्नं तिच्यावरच लागली, दुसरी चालायची नाही. मी म्हटलं, बघू. पण मला आतून ठाऊक होतं की उद्या गुन्हा दाखल झाला तर वस्तू मुद्देमाल खोलीत जाईल, तिला गुन्ह्याचा नंबर चिकटेल आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय ती बाहेर येणार नाही. आमच्या मुद्देमाल खोलीत चौदा वर्षांपूर्वीची एक सायकल अजून हुकमाची वाट पाहत होती.

शनिवारी सकाळी तज्ज्ञ आले. जवळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक, हत्यारांचा नाद असलेले. मी सील फोडून वस्तू पुढे ठेवली तशी त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पहिल्या दोन मिनिटांतच आम्हाला चुकीचं ठरवलं. ही कट्यार नव्हे; कट्यारीची मूठ आडवी, पंजात धरायची असते; हा खंजीर. टोकाचे काळे खड्डे विषाचे. बाजूची लाखेने बुजवलेली खाच म्हणजे विष ठेवायची गुप्त जागा, आणि मोराच्या डोळ्यातलं भोक विष सोडण्यासाठी. बुडाची टोपी अस्सल जुनं पोलाद. टोपीखाली दोन टिंबं आणि एक चंद्रकोर डागलेली होती. ती एखाद्या सरदाराच्या शस्त्रागाराची खूण. काळ? आधी अडीचशे वर्षं म्हणाले. चहा झाल्यावर तीनशे. हवालदाराने मोबाईलवर एक चित्र दाखवल्यावर साडेतीनशेवर गेले.

बाकावरचा माणूस दारातून हे ऐकत होता. विषाचं ऐकून तो घाबरला नाही, त्याला हसू आलं. मला त्याचा राग आला.

तोवर ही बातमी कशी कोण जाणे एका स्थानिक बातमीवाल्याला लागली होती, आणि त्याने ती मोबाईलवर फिरवलीही होती. वरिष्ठांचा फोन आला. छान काम केलंत म्हणाले, चार वाजता पत्रकारांना बोलावतो म्हणाले. मी नवा शर्ट आणायला घरी माणूस पाठवला. तो कशासाठी हवा होता हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

प्राध्यापकांचं मत घेऊन झाल्यावर वस्तूला पुन्हा सील करायचं, म्हणजे पुन्हा पंचनामा आणि पुन्हा दोन पंच. आमचे नेहमीचे पंच त्या दिवशी नेमके एका बारशाला गेलेले. एक पंच नाक्यावरून मिळाला. दुसरा हवालदाराने बाहेरच्या बाकावरूनच उठवून आणला. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, पिढीजात यंत्रमागाचा धंदा, वय बहात्तर, पासपोर्टच्या कागदांसाठी आलेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. हवालदाराने त्यांच्यापुढे कागद सरकवला आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.

चाचांनी बोट बाजूला केलं. "आधी वाचतो. मी निकाहनाम्यावर पण वाचल्याशिवाय सही केली नव्हती, काझीसाहेब खोळंबले होते."

ते वाचत गेले. 'मूठ हस्तिदंती अथवा शिंगाची' इथे थांबले. चष्मा पुसला, वस्तू हातात मागितली, मूठ उलटीसुलटी फिरवली, बोटाने ते पांढरं कडं चाचपलं आणि मग नखाने लाख खरवडायला लागले. प्राध्यापक जागेवरून उठले. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, हे लाकूड हाय. हा धोटा हाय. लूमचा धोटा."

ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उभ्या सुतातून आडवं सूत घेऊन जो लाकडी तुकडा या टोकाकडून त्या टोकाला धावतो तो धोटा. दोन्ही टोकांना पोलादी टोपी असते, पोटात सुताची कांडी बसायला पोकळी असते, आणि सूत बाहेर यायला चिनीमातीचं बारीक कडं असतं. भिवंडीत रात्रंदिवस तो खडखडाट चालतो आणि मी त्या आवाजात झोपायलासुद्धा शिकलो होतो, पण धोटा हातात घेऊन कधी पाहिला नव्हता. प्राध्यापकांची विषाची गुप्त जागा म्हणजे कांडी बसायची जागा. विष सोडायचं भोक म्हणजे सूत ओढायचं भोक. कोरणाऱ्याने ते कडं तसंच ठेवून त्याचा मोराचा डोळा केला होता.

"आणि ही खूण," चाचा टोपीखालच्या चंद्रकोरीवर बोट ठेवून म्हणाले, "आमच्या अब्बांची. दुसऱ्याच्या कारखान्यात माल मिसळू नये म्हणून प्रत्येक धोट्यावर तापल्या सळईने डाग द्यायचे. अब्बांनी लूम घातले तेव्हा मी चौथीत होतो."

म्हणजे साडेतीनशे वर्षांतली जवळजवळ दोनशे नव्वद वर्षं तिथल्या तिथे गळाली. प्राध्यापक म्हणाले, मूठ नवी असेल, पातं जुनं असू शकतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण मूठ तशीही हलत होती. चाचांनी ती पिळून सरळ ओढून काढली. आत लपलेल्या पात्याच्या बुडाला गोल भोक होतं, अर्धं कापलेलं. हवालदाराचा भाऊ गॅरेजवाला. हवालदार बघताक्षणी म्हणाला, साहेब, हा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आहे, हे मधल्या बोल्टचं भोक.

मी बाकावरच्या माणसाला आत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. विचारलं, ही कुणी बनवली?

"बानं. बा ह्यांच्याच कारखान्यात तेल घालाया होता. पातं लोहाराकडनं घेतलं, मूठ बानं सवता कोरली, त्याच्या लग्नाला."

"तुला कसं माहीत?"

"मी होतो ना. चार वरसांचा. बाच्या खांद्यावर बसून त्याचं लगीन पायलं."

कट्यार आरोपीपेक्षा चार वर्षांनी लहान निघाली. त्याने आदल्या दिवशी दुपारी तेच सांगितलं होतं, आणि ते आमच्या कागदावर उडवाउडवीचं उत्तर म्हणून नोंदलेलं होतं.

पण बापाच्या लग्नाला मुलगा हजर कसा? मी हे विचारलं तेव्हा चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, साहेब, एकवीस वर्षं काढलीत इथे? डोंगराकडच्या लोकांची ही जुनी रीत. आधी एकत्र राहतात, संसार करतात, आणि जमेल तेव्हा लग्न लावतात. कधी पोरांबरोबर लागतं. आमच्या कारखान्यातला एक म्हातारा तर नातू मांडीवर घेऊन हळदीला बसला होता, मी स्वतः जेवून आलोय.

"मग टोकावरचे खड्डे?" प्राध्यापकांनी विचारलं. त्यांचा आवाज एव्हाना बराच खाली आला होता.

त्याची बायको सकाळीच पुन्हा भाकरी घेऊन आली होती, ती दाराशी उभी होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "लिंबू टोचतात ना. दर लग्नाला."

माझ्या लग्नात मी दिवसभर लिंबू खोचलेली कट्यार धरून उभा होतो. हवालदारानेही धरली होती, त्याच्या घरच्या भिंतीवर तो फोटो मी जेवताना पाहिलेला. लिंबाचा रस लोखंड खातो हे कोणाही स्वयंपाकघरातल्या बाईला कळतं. त्या खोलीत आम्ही तीन-चार नवरदेव बसलो होतो आणि विषाच्या गप्पा मारत होतो. मला मनापासून लाज वाटली.

चाचा मुठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, अब्बा फार कडक, तुटका धोटासुद्धा कुणाला घरी नेऊ देत नसत, चुलीत घालायचे. तुझ्या बाला कसा दिला? तो म्हणाला, मागून घेतला, लग्नाला पायजे म्हणून. चाचांनी रुमालाने मूठ पुसली आणि खरवडलेली लाख बोटाने पुन्हा दाबून बसवायचा प्रयत्न केला.

चार वाजायला आले होते. मी वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी विचारलं, नक्की किती वर्षांची निघाली? मी म्हटलं, सेहेचाळीस. ते म्हणाले, मग बाकीची तीनशे चार वर्षं कुठे गेली? पत्रकारांना त्यांनी हेल्मेटसक्तीवर भाषण दिलं असं नंतर कळलं. प्राध्यापकांनी मात्र मोठेपणा दाखवला. आपला अभिप्राय फाडून दुसरा लिहिला, 'पुरावस्तू नाही, परंतु कोरीवकाम अत्यंत उत्कृष्ट', आणि ते वाचून बाकावरच्या माणसाची मान ताठ झाली.

गुन्हा दाखल करायचा प्रश्नच उरला नाही. तरी संशयित माल म्हणून वस्तू एकदा कागदावर चढली होती, ती नुसती उचलून देता येत नव्हती. सुपूर्दनामा केला, म्हणजे मागितल्यावर हजर करीन असं लिहून घेतलं. जामीन म्हणून चाचांनी सही केली, अर्थात सगळं वाचून. पण माल तपासाचे कागद बंद होईपर्यंत पोलिसांच्या नजरेखाली हवा, असं हवालदाराने कुठल्याशा परिपत्रकातून शोधून काढलं. मी म्हटलं, मग तूच जा.

तो शनिवारी हळदीला गेला तो रविवारी सगळं आटपून परतला. कपाळाला हळद, गणवेशावर तांदूळ. त्याला तिथे कुणी खाली बसू दिलं नव्हतं, कारण कट्यारीबरोबर आलेला माणूस म्हणजे नवऱ्याकडचा मानाचा. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो नवऱ्याच्या खांद्याशी सावधान उभा आहे. चाचांनी त्या फोटोंपैकी एक मला नंतर दाखवला आणि हसत हसत विचारलं, यात आरोपी कोणता?

नेहमीच्या सवयीने हवालदाराने ठाणे दैनंदिनीत नोंद केली. शब्द असे होते: 'सदर हत्यार टोकास लिंबू लावलेल्या स्थितीत वराचे हातात मिळून आले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सदर वर व वधू यांचा विवाह पंचांसमक्ष संपन्न झाला.' खाली दोघांची पूर्ण नावं, वय, राहणार, आणि मग मुलाच्या लग्नाची वेगळी नोंद. मी वाचून सही केली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते थोडंच आहे. माणूस खरं बोलतो तेव्हा ते आपल्या ओळखीचं असेलच असं नाही. आणि आपल्याला मोठं प्रकरण हवं असलं की कान आधी बंद होतात. मी तज्ज्ञ आणला, टेप आणली, मोबाईलवरची चित्रं पाहिली, पण ज्याने ती वस्तू लहानपणापासून पाहिली त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही.

सोमवारी सकाळी नवरी एकटीच ठाण्यात आली. नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. कट्यार फडक्यात गुंडाळून आणली होती, मागितली नसताना. मी म्हटलं, बाई, घेऊन जा, कागद बंद झाला. ती हलेना. मग म्हणाली, त्या हवालदारांनी आमचं लगीन लिवलं म्हणतात, खरं का?

हवालदाराने दैनंदिनी उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठं हाय, तिने विचारलं. त्याने दाखवलं. आणि त्याचं? तेही दाखवलं. दोन्ही नावं एकाच ओळीत होती. पाड्यावर लग्न लावणारी म्हातारी गाणी म्हणून लग्न लावते, तिच्याकडे कसलं रजिस्टर.

"ह्याची एक कापी द्या," ती म्हणाली. "अठ्ठावीस वरसांत असं कोणी लिवून दिलं न्हाय. रेशनच्या हापिसात इचारतात, दवाखान्यात इचारतात."

ठाणे दैनंदिनीची नक्कल अशी कुणाला देता येत नाही. मी हवालदाराला ती काढायला सांगितली, खाली 'सत्यप्रत' लिहून सही केली आणि ठाण्याचा गोल शिक्का दोनदा मारला, एक पुसट उमटला म्हणून. तिने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, मग रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि कट्यार काखेत मारून घरी गेली.